दरवर्षी विणावे लागणारे घर

एखादी इमारत पुरी झाली असे आपण केव्हा म्हणतो? गवंडी-सुतार आपापली हत्यारे घेऊन गेले, रंगाचा शेवटचा हात फिरला, कोणा पाहुण्यांच्या हस्ते फीत कापली गेली, की इमारत पुरी झाली. गंमत अशी की, त्याच दिवसापासून ती जुनी होऊ लागते. पहिल्या पावसाळ्यात ओल येते, पाच-सात वर्षांत गिलावा सुटतो. म्हणजे इमारत सर्वांत धडधाकट असते ती उद्घाटनाच्या दिवशी.

आता याच्या अगदी उलट अशी इमारत डोळ्यांपुढे आणा. उद्घाटनाच्या दिवशी ती सर्वांत दुबळी आहे. हिरव्या काठ्या जमिनीत खोचून, वाकवून सुतळीने बांधल्या आहेत, बस्स. काही आठवड्यांनी त्या काठ्यांना पालवी फुटते. पुढच्या वर्षी भिंत दाट होते. आणखी काही वर्षांनी बोटाएवढ्या काठ्या मनगटाएवढ्या होतात आणि जिथे दोन काठ्या एकमेकींना टेकल्या होत्या तिथे त्या एकजीव होऊन जातात. अशा रचनांना जिवंत शिल्पे म्हणतात. युरोपात ती मुख्यतः विलो या झाडाच्या काठ्यांची करतात. इंग्लंडमध्ये कितीतरी शाळांच्या आवारात विलोचे बोगदे आणि खोपी दिसतात. मुले त्यांत खेळतात.

यांतले एक मोठे आणि गाजलेले उदाहरण जर्मनीत, थुरिंगिया प्रांतातील आउअरश्टेट या लहानशा खेड्यात आहे. मार्सेल कालबेरर या वास्तुशिल्पज्ञाच्या मार्गदर्शनाखाली १९९८ साली तेथे विलोचा एक घुमटाकार महाल उभारण्यात आला. उभारणारे कोण? सुमारे तीनशे स्वयंसेवक. कंत्राटदार नाही, क्रेन नाही. काठ्यांच्या मोळ्या बांधायच्या, जमिनीत रोवायच्या, समोरासमोरच्या मोळ्या वाकवून माथ्याशी जोडायच्या, आणि मग वाट पाहायची.

या विषयावर बोलताना बहुतेक लोक महालाच्या सौंदर्याबद्दल बोलतात. मला वाटते, ते तीनशे लोक महालापेक्षा महत्त्वाचे आहेत. अशी रचना एकट्याने उभी करता येईल, पण एकट्याने टिकवता येणार नाही, आणि याचे कारण भावनिक नसून शास्त्रीय आहे. ते कारण तुम्हांला पटले तर आपल्या शाळांतील विज्ञान प्रदर्शने आणि वृक्षारोपणे यांच्याकडे तुम्ही थोड्या वेगळ्या नजरेने पाहाल, अशी माझी अपेक्षा आहे.

प्रथम, विलोच का? हे झाड तुम्हांला अनोळखी नाही. क्रिकेटची बॅट ज्या लाकडाची करतात तेच हे झाड. काश्मीरमध्ये बॅटींसाठी त्याची लागवड करतात आणि त्याच्या फोकांपासून टोपल्या व कांगडीची विणलेली बाहेरची बाजू करतात. त्याचा एक भाऊ आपल्याकडेही ओढ्या-नद्यांच्या काठी वाढतो. त्याला मराठीत वाळुंज म्हणतात. विलोची खुबी अशी की, त्याच्या फांदीच्या सालीखाली मुळांचे सूक्ष्म कोंभ आधीपासूनच तयार असतात. हिवाळ्यात पाने गळाल्यावर फांदी कापून एक-दीड वीत खोल ओल्या जमिनीत खोचली, की हे कोंभ जागे होतात. जोमदार जातींचे फुटवे एका वर्षात दोन-तीन मीटर वाढतात. बांधकामाचे साहित्य स्वतःच वाढत असेल, तर आणखी काय हवे?

पण हे साहित्य येते कोठून? या प्रश्नाच्या इतिहासातही विलोच आहे. सतराव्या शतकात यान बाप्टिस्ट फान हेल्मोंट या शास्त्रज्ञाने एका मोठ्या कुंडीत २०० पौंड वाळवलेली माती घेतली आणि तीत ५ पौंडांचे विलोचे रोप लावले. पाच वर्षे त्याला फक्त पाणी घातले. पाच वर्षांनी झाड भरले १६९ पौंडांहून थोडे अधिक, आणि माती पुन्हा वाळवून तोलली तर ती कमी झाली होती अवघी सुमारे दोन औंस! हेल्मोंटने निष्कर्ष काढला की, लाकूड पाण्यापासून बनते. त्याच्या मृत्यूनंतर, १६४८ साली हे लेखन प्रसिद्ध झाले. आज आपल्याला ठाऊक आहे की, वाळलेल्या लाकडाचा जवळजवळ अर्धा भाग कार्बन असतो आणि तो हवेतील कार्बन डायॉक्साइडमधून येतो. दैवाचा खेळ असा की, ‘गॅस’ हा शब्द हेल्मोंटनेच घडवला आणि कोळसा जळताना निघणारा हाच वायू त्याने ओळखलाही होता. पण आपल्या कुंडीतल्या झाडाने तो खाल्ला असेल, ही शंका त्याला आली नाही. म्हणजे आउअरश्टेटचा महाल बऱ्याच अंशी हवेचा बांधलेला आहे, असे म्हटले तर ते नुसते कवित्व ठरू नये.

आता माझ्या आवडत्या भागाकडे, म्हणजे पदार्थविज्ञानाकडे येऊ. महालाचे खांब एकेका जाड फांदीचे न करता बारीक काठ्यांच्या मोळ्यांचे का करतात? दक्षिण इराकच्या दलदलीच्या प्रदेशातील लोकही वेताएवढ्या उंच लव्हाळ्यांच्या मोळ्या वाकवून मोठमोठी कमानदार घरे बांधत आले आहेत. त्यामागचे गणित सोपे आहे. काठीची जाडी दुप्पट केली, तर ती तेवढीच वाकवायला १६ पट जोर लागतो. तिप्पट केली, तर ८१ पट. आता तिप्पट जाडीच्या एका काठीऐवजी नऊ बारीक काठ्या घ्या. एकूण लाकूड तितकेच. पण नऊ सुट्या काठ्या वाकवायला एका काठीच्या फक्त नऊपट जोर लागतो. ८१ कोठे आणि ९ कोठे! मात्र एक अट आहे. वाकवताना काठ्या एकमेकींवरून घसरल्या पाहिजेत. म्हणून वाकवताना मोळी सैल ठेवायची आणि कमान झाल्यावर घट्ट आवळायची. आवळल्यावर घसरणे बंद होते आणि मोळी पुष्कळ अंशी एका जाड खांबासारखी वागू लागते. वाकवताना मऊ आणि उभी राहताना ताठ, असे दोन्ही फायदे पदरात पडतात. हा प्रयोग तुम्ही खराट्याच्या हिरांवर आजच करून पाहा.

मोडण्याचा हिशोबही पाहून ठेवा. २ सें.मी. जाडीची काठी १ मीटर त्रिज्येच्या वर्तुळात वाकवली, तर तिची बाहेरची कड एक टक्का ताणली जाते आणि आतली कड तेवढीच दाबली जाते. वाळलेली काठी येथे मोडण्याच्या बेताला येते. अर्ध्या सें.मी.ची काठी त्याच वळणात फक्त पाव टक्का ताणली जाते आणि बिनतक्रार वळते. टोपल्या विणणाऱ्यांना हे सूत्र कोणी शिकवले नव्हते. त्यांच्या बोटांना ते ठाऊक असते.

येथवर सर्व कसे सोयीचे आहे. अडचण पुढेच आहे. झाडाला कमान व्हायचे नसते.

१८०६ हे वर्ष इतिहासाच्या पुस्तकात तुम्हांला आउअरश्टेटच्याच नावाखाली सापडेल. त्या वर्षी १४ ऑक्टोबरला नेपोलियनच्या दावू या सेनापतीने तेथे प्रशियाच्या सैन्याचा पराभव केला. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये टॉमस अँड्र्यू नाइट या फळबागांच्या अभ्यासकाने एक शांत प्रयोग प्रसिद्ध केला. पाण्याच्या प्रवाहावर वेगाने फिरणाऱ्या चाकाच्या कडेला त्याने बिया बांधल्या आणि त्या तशाच रुजू दिल्या. मुळे चाकाच्या बाहेरच्या दिशेने वाढली आणि कोंब आसाच्या दिशेने, आत. खाली कोणते आणि वर कोणते हे झाड गुरुत्वाकर्षणावरून ओळखते. ते गुरुत्वाकर्षण चाकाच्या गतीने झाकून टाकले, तर झाडही नव्या ‘वर’कडे वळते. (मला विचाराल तर, त्या वर्षीची मोठी बातमी ही होती.) झाडाच्या काही पेशींत पिष्टाचे जड कण असतात, ते तळाशी बसतात, आणि त्यावरून ऑक्झिन या वाढीच्या द्रव्याची वाटणी ठरते, हे पुढे कळले.

आता विलोची काठी तुम्ही अर्धवर्तुळात वाकवलीत. तिचा शेंडा खाली आला. शेंड्याचा खालच्या डोळ्यांवरचा दाब संपला आणि कमानीच्या सर्वांत उंच भागावरचे डोळे फुटून त्यांतून सरळ आकाशाकडे जाणारे फुटवे निघाले. झाडाचा सारा जोर तिकडे. वाकवलेला शेंडा पुष्कळदा उपाशी राहून सुकतो. दोन वर्षे लक्ष दिले नाही, तर कमानीच्या माथ्यावर चार-पाच मीटरचे जंगल उभे राहते. त्याच्या सावलीत खालच्या बारीक काठ्या मरतात, म्हणजे भिंतीला भोके पडतात. वर पानांचा भार वाढल्याने वारा शिडात भरावा तसा भरतो, आणि एखाद्या वादळात माथा फाटतो. थोडक्यात, ज्या जोमामुळे हा महाल वाढतो त्याच जोमामुळे तो मोडतोही.

यावर उपाय एकच. दरवर्षी माणसांनी यायचे, नवे फुटवे वाकवून भिंतीत विणायचे, उरलेले छाटायचे. कापलेल्या काठ्यांतून मेलेल्या जागा भरायच्या. लहान खोप असेल तर चार-सहा जणांचे एका दिवसाचे काम. महाल असेल तर गावाचे. आणि हे दहा वर्षे, वीस वर्षे. म्हणून मी म्हटले की, अशा शिल्पाला गाव लागते. एका माणसाचा उत्साह पाच वर्षांत आटतो, त्याची बदली होते, त्याचे गुडघे दुखू लागतात. गावाचे गुडघे सगळे एकदम दुखत नाहीत.

एकट्या माणसाचे काय होते, याचे उदाहरणही आहे आणि ते थोडे चटका लावणारे आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये अ‍ॅक्सेल अर्लंडसन नावाचा एक शेतकरी होता. १९२० नंतरच्या दशकात त्याने झाडे वळवून, एकमेकांना कलम करून त्यांपासून खुर्च्या, शिड्या, जाळीदार टोपल्या अशा आकृती वाढवायला सुरुवात केली. १९४७ साली त्याने ही ‘झाडांची सर्कस’ लोकांना दाखवण्यासाठी खुली केली. आजही ती छायाचित्रे पाहून विश्वास बसत नाही. पण आपली रीत त्याने कोणाला शिकवली नाही. मुलांनी विचारले, तर आपण झाडांशी बोलतो एवढेच तो सांगत असे, असे म्हणतात. १९६४ साली तो वारला. पुढच्या वर्षांत पाण्यावाचून, निगेवाचून त्यातली बरीच झाडे गेली. उरलेल्यांपैकी दोनेक डझन झाडे १९८५ साली एका उद्यानाच्या मालकाने मुळांसकट उचलून गिलरॉय येथे नेली, म्हणून ती वाचली. अर्लंडसनची बरोबरी करील असे बोट मला आउअरश्टेटच्या तीनशेंत एकही दिसत नाही. पण शिकवण्याच्या बाबतीत मी त्या तीनशेंच्या बाजूचा आहे.

आपल्याच देशात मेघालयात खासी लोकांनी ही गोष्ट फार पूर्वीच ओळखली. रबराच्या वडाची हवेतली मुळे सुपारीच्या पोकळ केलेल्या खोडांतून ओढ्यापार नेऊन ते पूल वाढवतात. पूल वापरण्याजोगा व्हायला पंधरा-वीस वर्षे सहज लागतात. पहिले मूळ ओढणाऱ्या म्हाताऱ्याला त्यावरून चालायला मिळेलच असे नाही, म्हणून ते काम मुलांना शिकवणे भागच असते. २०२२ साली या पुलांचा प्रदेश युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत दाखल झाला.

आता आपल्या शाळांकडे वळतो. विज्ञान प्रदर्शनांत परीक्षक म्हणून मला अनेकदा जावे लागते. पूर्वी थर्माकोलचा आणि आता पुठ्ठ्याचा ज्वालामुखी, पाणी अडवा-पाणी जिरवाची प्रतिकृती, बटण दाबले की दिवा लागणारी सूर्यमाला. मुलांचे कष्ट खरे असतात, यात शंका नाही. पण संध्याकाळी बक्षिसे वाटून झाली, की सारे काही गाडीतून कचऱ्यात. आणि वृक्षारोपण! दर जुलैत एक दिवस, एक पाहुणे, एक छायाचित्र. आणि कित्येक ठिकाणी पुढच्या जुलैत त्याच खड्ड्यात पुन्हा रोप. खड्डा मात्र दरवर्षी चांगला होत जातो. दोन्ही ठिकाणी खोट एकच आहे. आपण विज्ञान हे एका दिवसात दाखवण्याची वस्तू समजतो. पाचवीत खोचलेली काठी दहावीत किती जाड झाली, हे मोजणारा विद्यार्थी मला अजून कोठल्याही प्रदर्शनात भेटलेला नाही, आणि तो भेटावा अशी फार इच्छा आहे.

म्हणून माझे मत असे की, ज्या शाळेला आवार आहे तिने एक जिवंत मांडव वाढवावा. विलो मागवण्याचा हट्ट नको. थंड प्रदेशातले झाड आपल्या उन्हाळ्यात पाणी पाणी करील. वाळुंज ओढ्याकाठच्या शाळांसाठी ठीक, पण त्याची आणि विलोची मुळे पाण्याच्या शोधात नळ व गटारांत शिरतात, तेव्हा इमारतीपासून दूरच. बहुतेक ठिकाणी मी निर्गुडी सुचवीन. तिच्या फांद्या कलमाने रुजतात, फोक लवचीक असून त्यांच्या टोपल्याही विणतात, आणि उग्र वासामुळे गुरे सहसा तिला तोंड लावत नाहीत; आपल्याकडे शेताच्या कुंपणाला ती लावतात ती यामुळेच. युरोपात विलो हिवाळ्यात खोचतात, कारण तेव्हा झाड झोपलेले असते आणि फांदीत अन्न साठलेले असते. आपण पावसाच्या तोंडाशी खोचायचे, म्हणजे मूळ धरेपर्यंत फांदी सुकत नाही. निर्गुडीचा महाल होणार नाही, हे आधीच सांगतो. ते झुडूप आहे. पण पाच-सहा मुले दाटीवाटीने बसतील एवढी खोप व्हायला हरकत नाही, आणि दोन खोपींना जोडणारी एखादी कमान.

शिक्षकमित्र म्हणतील, अभ्यासक्रमात हे कोठे बसते? सजीवांच्या हालचाली, प्रकाशसंश्लेषण, बल, वर्तुळाची त्रिज्या, आलेख या सर्वांत बसते. आणि नाही बसले, तरी आठवड्यातली एक तासिका कार्यानुभवाला सापडेल. पालक म्हणतील, झुडपात साप-विंचू येतील. ही शंका रास्त आहे. काठ्या वीतभर अंतराने लावाव्या, खालचा हातभर भाग छाटून मोकळा ठेवावा आणि पालापाचोळा साचू देऊ नये. पाणी कोठून आणायचे, असे विचाराल तर हात धुण्याच्या नळाखाली वाहून जाणारे पाणी एका खोपीला पुरेसे होते. एका आक्षेपाला मात्र माझ्याकडे उत्तर नाही: शिक्षक बदलले की सगळे बंद पडते. त्यासाठीच शाळेबाहेरची माणसे हवीत. गावात टोपल्या-सुपे विणणारे कारागीर असतील, त्यांना मानाने बोलवा आणि पहिला धडा त्यांना देऊ द्या. कोकणात तर आंब्याचे भेट कलम बांधणारे हात घरोघर सापडतील. दोन फांद्यांची साल थोडी तासून त्या एकमेकींना बांधल्या, की सालीखालचे वाढीचे थर एक होतात. निर्गुडीच्या फुलीवर हेच जमते का, हे एखाद्या आजोबांना विचारून करून पाहता येईल. त्यांच्या अनुभवाला पुस्तक पुरे पडेलच असे नाही.

खोप लावलीत तर पहिल्या दिवसापासून एक वही ठेवा. निवडक दहा काठ्यांना क्रमांक द्या, जमिनीपासून ठरावीक उंचीवर दर सहा महिन्यांनी घेर मोजा. कोणत्या कोनात वाकवलेल्या काठीला माथ्यावर किती फुटवे आले, ते लिहा. एका काठीवर बरोबर एक मीटरवर रंगाची खूण करा आणि पाच वर्षांनी ती किती वर गेली असेल, याचा अंदाज आजच वहीत लिहून ठेवा. बहुतेक मुले चुकतात. झाड उंच होते ते शेंड्याशी. खालचे खोड फक्त जाड होते, त्यामुळे खूण जागची हलत नाही. पण माझ्या सांगण्यावर विसंबू नका, मोजा.

बांधायला नायलॉनची दोरी किंवा तार वापरू नका. काठी जाड होत जाते, तार होत नाही. शेवटी ती सालीत रुतून वरून मुळांकडे जाणारे अन्न तोडते. सुतळी चांगली. ती पावसापाण्यात कुजून वर्षा-दोन वर्षांत आपोआप गळून पडते आणि पुढच्या वर्गाला गाठी नव्याने बांधाव्या लागतात. त्यांच्यासाठी सुतळीचे एक बंडल आधीच कपाटात काढून ठेवा.